पावडर अशी घे, की चूक डोळ्यांना दिसेल

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं सदर आई मला न चुकता पाठवते. तुम्ही खडकीत दारूगोळ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलीत हे त्यातूनच कळलं, म्हणून धीर करून लिहितो. मी मूळचा कोथरूडचा, बरीच वर्षं अमेरिकेत, ओहायोमध्ये. ग्रीन कार्ड झाल्यावर इथल्या नेमबाजी क्लबात जायला लागलो. माझ्याकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आणि .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे. विकतची काडतुसं परवडत नाहीत, म्हणून इथले बरेच लोक करतात तसं रीलोडिंग करावं, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भराव्यात, असं मनात आहे. क्लबातले एक आजोबा गाव सोडून गेले, जाताना त्यांचं सगळं सामान मला देऊन गेले. पुंगळ्या दाबून भरायचा प्रेस, त्यात बसणारे डाय (साचे), काटा, लेबल निघालेला पावडरचा (बंदुकीच्या दारूचा) अर्धा डबा आणि काचेच्या बरणीत भरलेले सुटे प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसून दारू पेटवणाऱ्या टोप्या. दोन्ही हत्यारांना चालेल अशी एकच पावडर आणि एकच प्रायमर सुचवाल का? आजोबांचं सामान वापरून सुरुवात केली तर चालेल का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, टेबल तळघरात मांडणार आहे. आणि शेवटचं. पुण्यात मामांकडे परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यांना काडतुसं पुरत नाहीत. दिवाळीला येताना हातात धरून वापरायचा छोटा प्रेस आणि थोडे प्रायमर आणले, तर त्यांच्या जपून ठेवलेल्या पुंगळ्या भरून देता येतील ना?

– कोथरूडकर, मुक्काम ओहायो

चि. कोथरूडकर,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तू विमानाचं सामान भरायच्या आत तुझ्यापर्यंत पोचायला हवं. मामांना काडतुसं भरून द्यायची नाहीत. प्रेस आणायचा नाही, प्रायमर आणायचे नाहीत, चिमूटभर पावडरही आणायची नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा काडतूस बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. मामांकडे आहे तो शस्त्र बाळगण्याचा परवाना, त्यात काडतुसं बनवणं येत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत भरलेलं काडतूस तेवढंच धरलेलं नाही, काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही 'ॲम्युनिशन'मध्येच मोडतात. तुझा तो छोटा प्रेस अमेरिकेत छंदाचं सामान असेल, पण लोहगावला उतरलास की तो कायद्याच्या नजरेत वेगळीच वस्तू होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. बाहेरून आणायचं तर आयातीचा परवाना वेगळा. शिवाय सुटी पावडर आणि प्रायमर प्रवासी विमानात न्यायलाच बंदी आहे, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली जाणाऱ्या बॅगेतही नाही. भाच्याच्या प्रेमापोटी मामांचा परवाना जाईल, आणि तुम्ही दोघंही आत जाल.

मामांची अडचण खरी आहे, हे मला ठाऊक आहे. परवान्यावर किती काडतुसं घेता येतील याचा आकडा लिहिलेला असतो आणि सरावाला जाणाऱ्या माणसाला तो पुरत नाही. त्यावरचा रस्ता म्हणजे तो आकडा वाढवून मिळावा म्हणून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत रीतसर अर्ज करणं. सरावाची गरज दाखवणारं रायफल क्लबचं पत्र असेल तर ते जोडायचं. मामा खरंच नेम धरायला जात असतील तर बहुतेक सराव .१७७ च्या एअर पिस्तुलावर करता येतो. बालेवाडीच्या रेंजवर मोठमोठे नेमबाज दिवसचे दिवस तेच करतात. ट्रिगर ओढायची शिस्त त्यातच बसते. जपलेल्या पुंगळ्यांचं काय करायचं, तेही त्यांनी परवाना शाखेलाच विचारावं. भंगारवाल्याकडे देऊ नयेत.

आता तुझ्या टेबलाकडे वळू.

तुझं ग्रीन कार्ड झालेलं आहे म्हणून पुढचं बोलते. हे सदर वाचणारे अनेकजण तिकडे एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवते. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला हत्यार आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे काही मोजके अपवाद आहेत. 'मित्राच्या घरी बसून दोन-चार भरले' हेही त्यात येतं. तुझ्यासारख्या कायम रहिवाशाला स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला फेडरल परवाना लागत नाही. पण क्लबातल्या कुणी 'मलाही भरून दे, पैसे देतो' म्हटलं तर हात जोड. विकायला काडतुसं बनवायची तर उत्पादकाचं लायसन्स लागतं.

आजोबांचा प्रेस, डाय आणि काटा ठेव. डबा आणि बरणी ठेवू नकोस.

लेबल नसलेली पावडर दिसण्यावरून ओळखता येत नाही. क्लबात कुणीतरी चिमटीत धरून, वास घेऊन 'अरे, ही तर अमुक' असं छातीठोक सांगेल. त्याचं ऐकू नकोस. सपाट चकत्यांची पावडर, बारीक गोळ्यांची, नळकांडीसारख्या दाण्यांची, अशा प्रत्येक आकारात झटकन जळणाऱ्याही असतात आणि सावकाश जळणाऱ्याही. राखाडी रंग जवळजवळ सगळ्यांचाच. चुकून पिस्तुलाची झटकन जळणारी पावडर सावकाश जळणारीच्या मापानं भरलीस, तर हत्यार हातात फुटतं.

आणि नाव कळलं तरी वय कळत नाही. स्मोकलेस, म्हणजे आजच्या बिनधुराच्या, पावडरीचा पाया नायट्रोसेल्युलोज. काहींत जोडीला नायट्रोग्लिसरीन असतं, त्यांना डबल बेस म्हणतात. नायट्रोसेल्युलोज डब्यात पडल्यापडल्या अगदी हळूहळू विघटित होत असतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि तेच पुढच्या विघटनाला वेग देतात. हे चक्र अडवायला पावडरीत स्टॅबिलायझर घालतात, बहुधा डायफिनाइलअमाइन. तो हे वायू शोषत राहतो आणि शोषता शोषता संपत जातो. खडकीत माझ्या नोकरीचा मोठा भाग हेच बघण्यात गेला की कुठल्या लॉटमध्ये स्टॅबिलायझर किती उरलाय. उरला असेल तर पावडर दशकानुदशकं छान राहते. संपला की आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो, तांबूस धूर दिसतो, पत्र्याच्या डब्याला आतून गंजासारखी भुकटी धरते, आणि उकाड्यात असा साठा आपोआप पेटू शकतो. तुझ्याकडे प्रयोगशाळा नाही, म्हणून हा डबा जाऊ दे. कचऱ्यात नको, कमोडमध्ये नको. गावच्या फायर डिपार्टमेंटला फोन कर आणि ते सांगतील तसं कर.

बरणीचं मला जास्त भय वाटतं. प्रायमर कारखान्यातून येतात ते खोबणीखोबणींच्या ट्रेमध्ये, एकमेकांपासून सुटे. ही मांडणी मोजायच्या सोयीपुरती नसते. एक उडाला तर शेजारच्यानं उडू नये म्हणून ती केलेली असते. बरणीत ओतले की ते अंतर संपतं. एकावर एक घासून आतल्या रसायनाची धूळ सुटते, आणि एक उडाला तर सगळे एकदम उडतात, वर काच. आमच्याकडे प्रायमरच्या शेडमध्ये जायचं तर अंगावर सुती कपडे, पायातले जोडे बदलायचे, दाराशी तांब्याच्या पट्टीला हात टेकवून अंगातली स्थिर वीज उतरवायची, मग आत पाऊल. ते रसायन किती हळवं असतं हे ज्यांनी पाहिलंय ते प्रायमर बरणीत भरत नाहीत. बरणी उघडू नकोस, हलवू नकोस, गाडीत घालून कुठे नेऊ नकोस. मुलीला त्या भागात जाऊ देऊ नकोस आणि फायर डिपार्टमेंटला फोन करशील तेव्हा 'काचेच्या बरणीत सुटे प्रायमर' हे शब्द स्पष्ट सांग. पुढे काय करायचं ते तेच सांगतील.

आता नवीन काय घ्यायचं.

पावडर निवडताना लोक वेग बघतात, धूर बघतात, डब्याची किंमत बघतात. नवख्या माणसानं सगळ्यात आधी एकच बघावं, की माझी चूक झाली तर ती डोळ्यांना दिसेल का? कारण रीलोडिंगमधली सगळ्यात घातक चूक साधी असते. एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडते. फोन वाजतो, मुलगी हाक मारते, परत येऊन तू लिव्हर पुन्हा ओढतोस.

.३८ स्पेशल हे १८९८ चं काडतूस. ते काळ्या दारूसाठी घडवलेलं, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची स्मोकलेस पावडर तिच्यात तळाशी थोडीशीच पडते. टाइटग्रुप किंवा बुल्सआय यांसारखी झटकन जळणारी, कमी जागा व्यापणारी पावडर घेतलीस तर दुप्पट माप सहज मावतं आणि वर गोळीही बसते. बाहेरून काही कळत नाही. या पावडरी वाईट नाहीत. बुल्सआय तर शंभराहून जास्त वर्षं नेमबाजांची आवडती आहे आणि अनुभवी लोक तिच्यावर सुंदर नेम साधतात. पण पहिला डबा म्हणून त्या मी सुचवणार नाही.

तुझ्या दोन्ही हत्यारांना चालेल असा एकच डबा हवा, तर माझी पसंती युनिकला. हीसुद्धा फार जुनी, सपाट चकत्यांची, फुगीर पावडर. नऊ मिलिमीटरची पुंगळी मुळात छोटी, त्यात युनिकचं योग्य माप बरीचशी जागा भरतं आणि दुप्पट पडलं तर काठावरून ओसंडतं. .३८ मध्ये दुप्पट माप ओसंडणार नाही, पण एवढं वर येईल की बॅटरीच्या उजेडात शेजारच्या पुंगळ्यांपेक्षा वेगळं दिसेल. तिच्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकायला मिळते. चकत्या मोठ्या असल्यानं ती मेझरमधून, म्हणजे लिव्हर ओढून माप पाडायच्या यंत्रातून, एकसारखी पडत नाही. ती तक्रार खरी आहे. पण तू सुरुवातीला प्रत्येक माप काट्यावर तोलणार आहेस, त्यामुळे तुला ती नडणार नाही. युनिक मिळालीच नाही तर एचपी-३८ घे. तीच पावडर विंचेस्टर २३१ या नावानंही मिळते, दोन लेबलं आणि माल एकच. मेझरमधून ती छान पडते, दोन्ही काडतुसांसाठी भरपूर माहिती छापलेली आहे, फक्त जागा थोडी कमी व्यापते, म्हणून नजर जास्त ठेवावी लागते.

दुकानदार एच-११० किंवा विंचेस्टर २९६ पुढे करेल तर नको म्हण. त्या मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांच्या, सावकाश जळणाऱ्या. त्यांना भरगच्च माप आणि मोठा दाब लागतो, आणि त्यांचं माप मनानं कमी केलं तर त्या नीट पेटतच नाहीत. तुझ्या दोन्ही हत्यारांचा आणि त्यांचा संबंध नाही.

किती ग्रेन भरायची हे मी इथे मुद्दामच लिहीत नाही. तो आकडा गोळीचं वजन, तिचा प्रकार, ती किती खोल बसते, पुंगळी आणि प्रायमर या सगळ्यांवर ठरतो, आणि तो पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल शेजारी ठेवून दोन्ही ताडून बघ. क्लबातल्या मित्राचा कागद नको, आजोबांच्या वहीतला आकडा तर नकोच. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं माप आणि कमाल माप असे दोन आकडे असतात. सुरुवातीच्या मापानं थोडी काडतुसं भर, झाडून बघ, मग लागलंच तर थोडंथोडं वाढव. नेम बहुतेकदा कमालच्या बऱ्याच आधी जमून येतो आणि मग पुढे जायची गरज राहत नाही. नुसत्या शिशाच्या गोळीचं माप तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला लावू नकोस. आवरणाची गोळी नळीत जास्त घासते, त्यामुळे दाबही वेगळा आणि अडकायची भीतीही वेगळी.

पिस्तुलाच्या काडतुसाचं माप असतं अवघ्या काही ग्रेनचं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्राम. आपला जुना तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचाच ठरवला होता आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक ग्रेन हा सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. तुला बघायचाय त्याचाही दहावा भाग, कारण ०.१ ग्रेनचा फरक या छोट्या पुंगळ्यांत जाणवतो. लक्ष्मी रोडवरचा सराफ काट्यावर पंखा येऊ देत नाही, तसा तूही तळघरातला हीटरचा झोत बंद कर. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर तो आधी तापू दे, चेक वेटनं, म्हणजे नेमक्या ठाऊक वजनानं तपास, आणि दर काही मापांनंतर पुन्हा तपास. आजोबांचा काटा तोलदांडीचा असेल तर फार छान, तो नीट समतल ठेवलास की फसवत नाही.

पद्धत सांगते. टेबलावर एका वेळी एकच पावडर. दुसरा डबा असलाच तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झाकण लावून. उरलेली पावडर लगेच तिच्याच मूळ डब्यात परत. मेझरमध्ये रात्रभर ठेवलीस की सकाळी 'ही कुठली होती' हा प्रश्न उभा राहतो. दोन पावडरी कधीही एकत्र करू नकोस. पन्नास भोकांचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा लोडिंग ब्लॉक घे. पावडर घातलेली पुंगळी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात ठेव, म्हणजे कुठली झाली आणि कुठली राहिली हे हातालाच कळतं. पन्नास झाल्या की एकही गोळी न बसवता उभा राहा आणि बॅटरीचा उजेड वरून टाकून प्रत्येक पुंगळीत ओळीनं बघत जा. सगळीकडे पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी जरा खोल वाटली किंवा वर आलेली वाटली तर ती ओतून पुन्हा तोल. शंका आली तर पन्नासच्या पन्नास ओत. हे काम शांत मनानं, फोन वरच्या मजल्यावर ठेवून, मुलगी झोपल्यावर करायचं. आजोबांनी प्रोग्रेसिव्ह प्रेस दिला असेल, म्हणजे एका ओढीत चार कामं करणारा, तर तो काही महिने बाजूला ठेव आणि एका वेळी एकच काम करणारा सिंगल स्टेज घे.

प्रायमरचं उत्तर सोपं आहे. नऊ मिलिमीटर आणि .३८ स्पेशल दोन्हींना एकच, साधा स्मॉल पिस्टल प्रायमर. सीसीआय ५००, फेडरल १००, विंचेस्टरचा स्मॉल पिस्टल, यांतला मॅन्युअलमध्ये तुझ्या पावडरीसोबत दिलेला असेल तो घे आणि शक्यतो त्यालाच धरून राहा. फेडरलचा प्रायमर जरा मऊ असतो, म्हणून ज्यांच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग हलकी केलेली असते ते तो पसंत करतात. प्रायमर बदललास तर पावडरचं माप पुन्हा खालून सुरू करायचं.

बाजारात टंचाई झाली की लोक हाताला लागेल ते बसवतात. स्मॉल रायफल प्रायमर आकारानं स्मॉल पिस्टलएवढाच असतो, खाचेत बरोबर बसतो, पण त्याची टोपी जाड असते. पिस्तुलाचा घोडा पडूनही काडतूस कधीकधी उडत नाही. मॅग्नम प्रायमरची ज्योत जोरकस असते, मॅन्युअल सांगत नसेल तर त्यानं दाब वाढतो. तुझा मोठा धोका मात्र दाबापेक्षा बसवण्यात आहे.

एक प्रायमर हातात घेऊन नीट बघ. छोटी वाटी, आत रसायनाची पातळ चकती आणि वरून बसवलेली बारीक पायांची ऐरण. खाचेत बसवताना ऐरणीचे पाय तळाला टेकले पाहिजेत, म्हणजे वाटी दाबली जाऊन रसायन ऐरणीवर किंचित आवळलं जातं. ते टेकणं बोटाला कळतं. नंतर पुंगळीच्या बुडावरून बोट फिरव, प्रायमर कडेच्या जरासा आत लागला पाहिजे. वर राहिला तर घोड्याचा पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच जातो, रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर अडकून बसतो, आणि पिस्तुलात स्लाइड पूर्ण मिटायच्या आत काडतूस उडायची शक्यता राहते. सैन्याच्या पुंगळ्या हाती आल्या तर त्यांच्या प्रायमरच्या खाचेभोवती बहुधा वळ मारलेला असतो. तो काढल्याशिवाय नवा प्रायमर रेटू नकोस. आणि भरलेल्या पुंगळीत उंच राहिलेला प्रायमर नंतर दाबून बसवायचा नाही. ते काडतूस बाजूला काढ. हे सगळं करताना डोळ्यांना चष्मा हवाच, नंबरचा असला तरी वर सेफ्टी गॉगल.

तुझी दोन काडतुसं स्वभावानं अगदी वेगळी आहेत, हे लक्षात ठेव. अमेरिकेतल्या मान्य मानकांप्रमाणे .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), नऊ मिलिमीटरचा ३५,०००. दुपटीहून जास्त दाब आणि पुंगळी लहान, म्हणून नऊ मिलिमीटर चुका पोटात घेत नाही. गोळी ठरलेल्यापेक्षा किंचित खोल गेली तरी आतली जागा घटते आणि दाब एकदम चढतो. तेच काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये चढवलं-उतरवलं की गोळी मागे सरकते. भरलेल्या काडतुसाची लांबी कॅलिपरनं मोज, अंगठ्यानं गोळी टेबलाच्या कडेवर दाबून बघ, सरकली तर ते बाद. नऊ मिलिमीटरच्या तोंडाला हलका टेपर क्रिम्प द्यायचा, म्हणजे काठ नुसता किंचित आवळायचा, कारण चेंबरमध्ये काडतूस त्या तोंडावरच टेकतं. .३८ ला गोळीच्या खाचेत वळवून रोल क्रिम्प द्यायचा, नाहीतर रिव्हॉल्व्हरच्या धक्क्यानं शेजारच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरेनासा होतो. पुंगळी बघून दाब ओळखायच्या युक्त्या लोक सांगतात, चपटा झालेला प्रायमर वगैरे. पिस्तुलात त्यांच्यावर विसंबू नये. क्लबात वेग मोजायचं यंत्र असेल तर तुझ्या गोळीचा वेग मॅन्युअलच्या कमाल वेगापुढे जातोय का ते बघ. जात असेल तर दाबही पुढे गेलाय.

दुप्पट मापाची उलटी चूक म्हणजे पावडर पडलीच नाही. नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि गोळी तिथेच अडकते. धडाम ऐवजी फट् असा कोरडा आवाज येतो, हाताला धक्का लागत नाही. त्या क्षणी थांबायचं. स्लाइड मागे ओढून पुढचं काडतूस चढवायचा मोह होतो, कारण हाताला ती सवय असते. नळी निशाण्याकडेच ठेव, थोडा वेळ थांब, हत्यार रिकामं कर आणि नळीतून सळई आरपार जाते का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी झाडू नकोस. अडकलेल्या गोळीवर दुसरी गेली की नळी फुगते किंवा फुटते. तुझ्या शेजारी रेंजवर उभ्या असलेल्यांनाही हे सांगून ठेव, कारण कानावर मफ असताना तो आवाज कधीकधी त्यांनाच आधी कळतो.

मुलीबद्दल. तळघर चालेल, पण दाराला कुलूप हवं आणि किल्ली तुझ्याकडे. पावडर मूळ डब्यात, थंड आणि कोरड्या जागी, पाणी तापवायच्या बंबापासून आणि भट्टीपासून दूर. लोखंडी तिजोरीत कोंडू नकोस. उघड्यावर पेटलेली पावडर भसाभस जळून जाते, घट्ट कोंडलेली फुटते. साधं लाकडी कपाट बरं. प्रायमर त्यांच्याच खोक्यात, पावडरपासून वेगळे. तिकडच्या प्रचलित अग्निसुरक्षा नियमांत घरात मूळ डब्यांत २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी मर्यादा आहे. तुझ्या गावची किंवा घरमालकाची त्याहून कमी असू शकते, ते विचारून घे. तुला मुळात एक डबा आणि हजारभर प्रायमर पुष्कळ झाले.

शिशाकडे आईबापांचं लक्ष जात नाही आणि मला तेच सारखं सांगावंसं वाटतं. प्रायमरमध्ये बहुधा लेड स्टिफनेट असतं. ते उडालं की शिशाची बारीक धूळ पुंगळीत आणि तुझ्या कपड्यांवर बसते. पुंगळ्या टम्बलरमध्ये, म्हणजे त्या साफ करायच्या यंत्रात, सुक्या घासल्या की तीच धूळ खोलीभर होते, आणि तीन वर्षांची मुलगी जमिनीवर खेळते, बोटं तोंडात घालते. वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही. म्हणून पुंगळ्या पाण्यातल्या टम्बलरमध्ये धू, ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नकोस. पातळ हातमोजे घाल, टेबलावर चहा-बिस्किटं नकोत, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पूस. रेंजवरून आल्यावर जोडे दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायला, साबणानं हात आणि तोंड धुतल्याशिवाय मुलीला उचलू नकोस. डॉक्टरांना सांगून तुझ्या आणि तिच्या रक्तातलं शिसं तपासून घे, साधी तपासणी आहे.

आणि पुण्याला येताना रेंजवर नेतोस ती बॅग घेऊ नकोस. कप्प्याच्या शिवणीत घुसलेलं एखादं काडतूस किंवा प्रायमर तुला दिसत नाही, पण विमानतळावरच्या यंत्राला दिसतं, आणि एका विसरलेल्या काडतुसापायी माणसं विमानाऐवजी पोलीस चौकीत जातात. नवी बॅग घे. जॅकेटही रेंजवरचं नको.

तुझी,
मावशी